बाळासाठी फ्रीज-ड्राय दह्याच्या टिकल्या: चक्क्यापासून बरणीपर्यंत

नीट वाळलेली दह्याची टिकली बाळाच्या जिभेवर ठेवली की पाच-सहा सेकंदांत तिचं पुन्हा दही होतं. चावायला काही उरत नाही, हात चिकट होत नाहीत, आणि नुकतं चिमटीने उचलायला शिकलेलं बाळ एकेक टिकली स्वतः तोंडात घालतं. दुकानात या टिकल्यांची छोटी पाकिटं मिळतात. त्यातल्या बऱ्याच पाकिटांवर साखर, स्टार्च आणि कधीकधी जिलेटिनही लिहिलेलं असतं. घरी केल्या तर दही आणि थोडं फळ एवढंच पुरतं.

न्यू जर्सीत आम्ही तीन मराठी घरांनी मिळून दोन वर्षांपूर्वी घरगुती फ्रीज-ड्रायर घेतला. तो आमच्या तळघरात आहे आणि महिन्यातून दोनदा तरी त्यात टिकल्यांचा घाणा लागतोच. इतक्या घाण्यांनंतर एक गोष्ट मला पक्की कळली आहे: यंत्र फक्त पाणी काढतं. टिकली खुसखुशीत होणार की चिवट, गोडसर लागणार की दात आंबणार, बाळाला निर्धास्त देता येणार की नाही, हे चक्का टांगताना आणि ट्रे बाहेर काढल्यानंतरच्या पहिल्या दहा मिनिटांत ठरतं. म्हणून या लेखात यंत्राच्या बटणांपेक्षा त्याच्या आधीचं आणि नंतरचं काम जास्त आहे.

आत नेमकं काय होतं

सांडगे किंवा कुरडया उन्हात वाळतात तेव्हा आतलं पाणी द्रवरूपातच पृष्ठभागाकडे सरकतं आणि मग त्याची वाफ होते. त्या वाटेवर पदार्थ आक्रसतो, घट्ट होतो. म्हणून वाळवण कडक असतं आणि ते तळावं किंवा भिजवावं लागतं.

फ्रीज-ड्रायरची वाट वेगळी. देवघरात कापराची वडी उघडी राहिली तर न वितळताच ती हळूहळू लहान होत जाते, तसं इथे बर्फाचं होतं. याला संप्लवन म्हणतात. हवेचा दाब ४.६ मिलिमीटर पाऱ्याच्या खाली गेला की पाणी द्रवरूपात टिकू शकत नाही, बर्फाची थेट वाफ होते. आपल्याभोवती हाच दाब ७६० मिलिमीटर असतो. यंत्र आधी पदार्थ शून्याखाली तीस-पस्तीस अंशांपर्यंत गोठवतं, मग पंपाने हवा ओढून दाब अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास आणतं आणि ट्रेखालच्या फळ्या हलक्या तापवतं. निघालेली वाफ यंत्राच्या आतल्या पिंपाच्या थंडगार भिंतींवर बर्फ होऊन बसते. जिथे बर्फाचा कण होता तिथे पोकळी राहते, दह्याचा सांगाडा जागचा हलत नाही. टिकली हलकी का लागते आणि लाळ लागताच का विरघळते, ते या पोकळ्यांमुळे.

यातून दोन गोष्टी निघतात आणि त्या शेवटपर्यंत लक्षात ठेवायच्या आहेत. पहिली, सगळ्या प्रक्रियेत पदार्थ शिजत नाही. दह्यातले चांगले जिवाणू बऱ्याच प्रमाणात जगतात, तसेच चुकून आलेले वाईटही जगतात. दुसरी, त्या पोकळ्या हवेतली दमट वाफ स्पंजसारखी ओढून घेतात.

दही आणि चक्का

एका घाण्याला मी दीड लिटर गायीचं फुल क्रीम दूध घेते. बाळाला स्निग्धांश हवाच असतो, त्यामुळे साय काढलेलं दूध वापरू नका. उलट म्हशीचं घट्ट, सात टक्के फॅटचं दूधही मी टाळते. स्निग्धांश वाळत नाही, तो तसाच राहतो. तो जितका जास्त तितकी टिकली मऊ, तेलकट आणि साठवणीत लवकर खवट.

दूध उकळी आल्यावर लगेच उतरवू नका. मंद आचेवर ढवळत आणखी आठ-दहा मिनिटं ठेवा. या तापण्याने दुधातली एरवी निवळीत निघून जाणारी काही प्रथिनं दह्याच्या जाळ्यात अडकतात आणि दही घट्ट लागतं. मग कोमट होऊ द्या. बोट सहज ठेवता येईल इतकं, म्हणजे ४२-४३ अंश. ताज्या, गोड दह्याचं चमचाभर विरजण घालून उबदार जागी ठेवा. माझ्याकडे सहा तासांत लागतं. कवडी पडली की ताबडतोब फ्रीजमध्ये.

इथे घाई बरी आणि उशीर वाईट. पाणी निघून जातं, पण दह्यातलं आंबट आम्ल मागे राहतं. वाटीत ठीक वाटणारं दही वाळल्यावर तिप्पट आंबट लागतं. माझ्या पहिल्या घाण्यात रात्रभर बाहेर राहिलेलं दही होतं. त्यातली एक टिकली खाऊन मोठ्या मुलीने डोळे मिटून घेतले आणि बाळाने जीभ बाहेर काढली. सगळा घाणा शेवटी कढीत गेला.

चक्का टांगायची आपली जुनी पद्धत नळाला किंवा खुंटीला रात्रभर गाठोडं बांधायची. श्रीखंडासाठी ते चालतं, कारण त्यात साखर पडते. टिकल्यांसाठी मात्र स्वच्छ, उकळून वाळवलेल्या पंचात दही बांधून चाळणीत ठेवा, खाली पातेलं, वर छोटं वजन, आणि सगळं फ्रीजमध्ये आठ ते दहा तास. आंबटपणा वाढत नाही आणि वरचं जंतूंचं भयही टळतं. दीड लिटर दुधाचा साधारण साडेपाचशे ग्रॅम चक्का निघतो. पंचा उलटल्यावर चक्का एका गोळ्यात सुटला पाहिजे आणि चमच्यावरून ओघळायला नको. ओघळला तर टिकल्या ट्रेवर पसरून पातळ पापुद्रे होतील.

घाईच्या आठवड्यात दुकानातलं साधं, बिनसाखरेचं, फुल फॅट ग्रीक योगर्ट थेट वापरता येतं. डब्यावर फक्त दूध आणि विरजण एवढंच लिहिलेलं असू दे. शाकाहारी घरांनी जिलेटिनवर विशेष नजर ठेवावी.

आता चक्का पुरणयंत्रातून एकदा काढा. माझी आई साताऱ्याहून येताना तिचं जुनं पितळी पुरणयंत्र घेऊन आली, तोवर मी मिक्सर वापरत होते. मिक्सरने चक्का पातळ होतो आणि त्यात हवा भरते. पुरणयंत्रातून तो लोण्यासारखा सलग उतरतो, गुठळी राहत नाही. गुठळी महत्त्वाची आहे, कारण वाळल्यावर तोच कडक खडा बाळाच्या तोंडात येतो.

फळ किती आणि कोणतं

चार भाग चक्क्याला एक भाग फळाचा गर, त्यापुढे नको. फळातली साखर गोठायला फार हट्टी असते. ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं पाकासारखं पाणी शून्याखाली चाळीसच्या आसपास जाईपर्यंत खऱ्या अर्थाने घट्ट होत नाही, आणि घरगुती यंत्र जेमतेम तिथवर पोचतं. साखर जास्त झाली की यंत्रातल्या निर्वात पोकळीत ते पाणी उकळल्यासारखं फसफसतं, टिकली फुगते आणि चिक्कीसारखी ट्रेला चिकटते. मध, गूळ आणि खजुराचा लगदा घातल्यावर हेच होतं. चिकटपणाचा प्रश्न नसता तरी मध बाळाला द्यायचाच नाही. एक वर्षाखाली मध अजिबात नको, कारण त्यात बोटुलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात आणि तान्ह्या बाळाच्या आतड्यांना ते रोखता येत नाहीत. गोठवण्या-वाळवण्याने हे बीजाणू मरत नाहीत. वरून घातलेली साखर दोन वर्षांखाली टाळावी, असं अमेरिकेच्या २०२०-२५ च्या आहारविषयक सूचनांतही होतं.

स्ट्रॉबेरी सर्वांत छान जुळते. गर करून गाळून घ्या, बिया राहू देऊ नका, आणि मिनिटभर खळखळून उकळा. मऊ बेरी कच्च्याच गोठवल्या तर त्यातले विषाणू तसेच टिकतात, आणि गोठवलेल्या स्ट्रॉबेरीतून कावीळ पसरल्याच्या घटना अमेरिकेत घडल्या आहेत. उकळल्यावर गर घट्ट होतो, हा वरचा फायदा. महाराष्ट्रातल्या वाचकांना डिसेंबर ते मार्च महाबळेश्वरची ताजी स्ट्रॉबेरी मिळते. तिचा गर उकळून बर्फाच्या ट्रेमध्ये गोठवून ठेवला तर वर्षभर कामाला येतो.

पिकलं केळं टिकलीला चांगला बांधीवपणा देतं. आंबा बाळांना आवडतोच, पण डब्यातल्या आमरसात बहुतेक वेळा साखर असते. लेबल वाचा किंवा ताजा, धागे नसलेला रस गाळून घ्या, आणि आंब्याचं प्रमाण पाचास एक ठेवा. उकडलेलं गाजर आणि लाल भोपळा गोडसर चवीला उत्तम, आणि त्यांनी टिकली कधीच चिकटत नाही. पहिल्यांदा करणाऱ्यांनी भोपळ्यानेच सुरुवात करावी, असं मी सांगेन. चिमूटभर वेलदोडा चालतो. मीठ नको.

बाळाने ते फळ आणि साधं दही आधी चमच्याने खाल्लेलं असावं. दूध किंवा फळ सोसत नसेल तर ते टिकलीतून कळायला नको.

टिकल्या घालणं आणि गोठवणं

ट्रेवर बेकिंगचा कागद किंवा सिलिकॉनची चटई घाला. मिश्रण जाड प्लास्टिकच्या पिशवीत भरून कोपरा पेन्सिलीएवढा कापा. टिकली जुन्या चार आण्याच्या नाण्याएवढी रुंद, मध्यभागी अर्धा सेंटीमीटर उंच. हात सरळ उभा ठेवून दाबा आणि हलकेच वर उचला. टोक उभं राहिलं तर पाण्यात बुडवलेल्या बोटाने दाबून टाका, वाळल्यावर ते टोचतं.

माझ्या चार ट्रेंत मिळून साधारण पाचशे टिकल्या बसतात. पाचशे टिकल्या घालायला पाऊण तास लागतो, आणि मुलगी मदतीला असेल तर सव्वा तास. सगळ्या सारख्या उंचीच्या असणं दिसण्यापेक्षा वाळण्यासाठी गरजेचं आहे. एक जाड टिकली बाकीच्यांना चार तास खोळंबून ठेवते किंवा ओली राहून सगळी बरणी मऊ करते.

भरलेले ट्रे नेहमीच्या फ्रीजरमध्ये, उणे १८ अंशांवर, सपाट, रात्रभर. यंत्र स्वतःही गोठवतं, पण आधी गोठवल्याने त्याचे सहा-आठ तास वाचतात आणि ट्रे नेताना हिंदकळला तरी आकार मोडत नाही.

यंत्रात

यंत्र आधी अर्धा तास रिकामं थंड करा, मग गोठलेले ट्रे पटकन सरकवा. दाराची रबरी कड स्वच्छ पुसा. एक केस अडकला तरी यंत्र निर्वात पोकळी धरत नाही. खालची निचऱ्याची तोटी बंद आहे ना, हे हाताने तपासा. तेलाचा पंप असेल तर तेल गढूळ नाही ना ते पाहा.

फळ्यांचं कमाल तापमान मी ४० अंशांवर ठेवते. यंत्राने आपणहून सुचवलेलं तापमान सहसा याहून जास्त असतं. दह्याला ते मानवत नाही: टिकली कडेने पिवळट पडते, जिवाणू जास्त मरतात. कमी तापमानाला वेळ जास्त लागतो, माझ्याकडे बावीस ते अठ्ठावीस तास. उन्हाळ्यात तळघर गरम असलं की त्याहूनही जास्त.

यंत्राने झालं म्हटलं तरी विश्वास ठेवू नका. मधल्या ट्रेच्या मध्यभागातली सर्वांत जाड टिकली काढून मोडा. आत थंड लागली किंवा चकाकती रेघ दिसली तर ओल आहे. मग वजनाची परीक्षा: एका ट्रेचं वजन करा, परत आत ठेवून दोन तास वाळवा, पुन्हा वजन करा. एक ग्रॅमही कमी झालं नाही तर घाणा झाला. साडेपाचशे ग्रॅम चक्का आणि त्यातलं फळ मिळून शेवटी दीडशे ग्रॅमच्या आसपास टिकल्या उरतात.

आईला वजनकाटा लागत नाही. ती टिकली अंगठा आणि तर्जनीत धरून कानाजवळ नेते आणि दाबते. उडदाच्या कोरड्या पापडाचा मोडताना येतो तसा बारीक, कोरडा आवाज आला की ती मान हलवते. एकदा तिने दाबली तेव्हा आवाजच आला नाही, नुसती चेपली गेली. काट्याने घाणा झाला म्हणून सांगितलं होतं. मी दुसरा ट्रे तोलला, तर तो अजून कमी होत होता. तेव्हापासून मी दोन ट्रे तोलते.

पहिली दहा मिनिटं

माझे सर्वांत जास्त घाणे इथेच बिघडले. जुलैत फोन आला म्हणून ट्रे ओट्यावर ठेवून मी वर गेले. वीस मिनिटांनी टिकल्या मार्शमेलोसारख्या मऊ झाल्या होत्या. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात तर पाच मिनिटंही जास्त आहेत.

म्हणून बरण्या, झाकणं, चमचा, सगळं आधी कोरडं करून हाताशी ठेवा. ट्रे कोमट असतानाच काढा, थंड ट्रेवर दव धरतं. खोलीत एसी किंवा डीह्युमिडिफायर चालू असेल तर उत्तम. एका वेळी एकच ट्रे बाहेर, तो भरून झाकण लावलं की दुसरा.

रोजच्या वापरासाठी मी रबरी कड असलेल्या छोट्या काचेच्या बरण्या घेते, तीन-चार दिवसांत संपतील एवढ्याच. मोठी बरणी रोज उघडली की तळाच्या टिकल्या आठवड्यात चिवट होतात. बाकीच्या टिकल्या जाड अल्युमिनियमच्या पाकिटांत, प्राणवायू शोषणारी पुडी घालून, इस्त्रीने तोंड बंद करून. स्निग्धांश असल्यामुळे ही पाकिटं मी चार-पाच महिन्यांतच संपवते. फ्रीज-ड्राय पदार्थ पंचवीस वर्षं टिकतो असं सांगितलं जातं, पण फुल क्रीम दह्याला आणि तेही बाळाच्या खाण्याला तो हिशेब लावू नका.

पुडी फक्त पाकिटात. बाळाच्या हाती लागणाऱ्या रोजच्या बरणीत ना प्राणवायूची पुडी, ना सिलिका जेलची. तिथून ती तोंडात जायला क्षणही लागत नाही.

बाळाला देताना

वयापेक्षा तयारी पाहा. बाळ आधाराशिवाय ताठ बसतं का, आणि अंगठा-तर्जनीच्या चिमटीने दाणा उचलतं का? बऱ्याच बाळांना हे आठव्या-नवव्या महिन्याच्या सुमारास जमतं. त्याआधी टिकल्या चुरून नाचणीच्या सत्त्वावर किंवा गुरगुट्या भातावर भुरभुरवा.

प्रत्येक घाण्यातली एक टिकली आधी स्वतःच्या तोंडात ठेवा, न चावता, जिभेने टाळूला दाबून. दहा सेकंदांत पूर्ण विरघळली नाही तर तो घाणा बाळासाठी नाही. मऊ पडलेली टिकली निरुपद्रवी दिसते, पण तीच जास्त धोक्याची. कोरडी विरघळते, ओलावलेली चिवट गोळा होऊन घशाला चिकटते. अशा टिकल्या मी पुन्हा वाळवायला लावते किंवा मोठ्यांच्या दलियात घालते.

एका वेळी ताटलीत तीन-चारच टिकल्या, समोर तुम्ही. गाडीच्या सीटवर, बाबागाडीत, झोपून, रडताना किंवा धावताना नाही. सोबत पाण्याचा पेला. फ्रीज-ड्राय केलेल्या फळांच्या अख्ख्या फोडी मात्र लहान बाळाला देऊ नका. त्यांची साल विरघळत नाही.

आणि प्रमाण. वीस टिकल्या म्हणजे जेमतेम पंचवीस-तीस ग्रॅम चक्का-फळ. हा खाऊ आहे, जेवण नाही. मुलीच्या वेळी प्रवासात मी दिवसभर टिकल्यांवर भागवलं आणि रात्री ती भुकेने रडत होती.

यंत्र नसेल तर

नुसत्या फ्रीजरने या टिकल्या होत नाहीत. फ्रीजरमध्येही बर्फ थोडाथोडा उडतो, जुने बर्फाचे खडे बारीक होतात ते त्यानेच, पण त्या वेगाने टिकली वाळायला महिने लागतील. ओव्हन किंवा डीहायड्रेटरमध्ये दह्याची चामड्यासारखी वडी होते. मोठ्यांना चघळायला ती छान, बाळाला नको. गोठलेल्या दह्याचे थेंब फ्रीजरमधून थेट बाळाच्या तोंडात देऊ नका, ते खड्यासारखे कडक असतात.

सर्वांत लहान घरगुती यंत्रालाही दोन हजार डॉलरच्या आसपास पैसे लागतात आणि पंप दिवसभर घुमत राहतो. केवळ टिकल्यांसाठी ते घेऊ नका. आम्ही तीन घरं त्यात टिकल्यांखेरीज पालेभाज्या, मोदकांसाठी नारळाचा चव, प्रवासाचा वरण-भात असं सगळं वाळवतो, म्हणून परवडतं. एकट्या घरात बाळ लहान असेपर्यंत ताजा चक्का आणि किसलेलं फळ वाटीत द्या; पोटाला त्यातून तेवढंच मिळतं.

आणखी एक उपयोग. बिनफळाच्या साध्या टिकल्यांचा बरणीच्या तळाशी राहिलेला चुरा मी टाकत नाही. पेलाभर कोमट दुधात दोन चमचे चुरा विरघळवून उबेत ठेवते. रोजच्या विरजणापेक्षा वेळ लागतो, दहा-बारा तास, पण दही लागतं. गेल्या डिसेंबरात आईकडे साताऱ्याला जाताना तसाच चुरा पाकिटात घेऊन गेले होते. तिने तो म्हशीच्या दुधात घातला, फडक्यात गुंडाळून डाळीच्या डब्यात ठेवला, आणि सकाळी कवडी पडलेली होती.